मारित्सा काळ्या समुद्राला मिळते

गोर्नो येलोवो, १९ सप्टेंबर २०१८

प्रिय दोन्काताई,

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत गप्प होतो आणि मग तुम्ही म्हणता, "बरं, ठेवते." पत्रात निदान कुणी मध्येच ठेवत नाही.

परवा सगळीकडे शाळा सुरू झाल्या. काल बालसंरक्षणाच्या ऑफिसातून एक बाई आल्या. नवीन बूट घालून आल्या होत्या बिचाऱ्या, आमच्या चिखलात. दारातूनच विचारलं, "घरात शाळेच्या वयाचं मूल आहे?"

"आहे. दहा वर्षांची मुलगी."

"मग शाळेत का नाही?"

"शाळा कुठे आहे? ती समोरची इमारत बघा. आत बकऱ्या बांधतात."

शेगडीजवळ बसलेली यानका आतून ओरडली, "बकऱ्या नाहीत आई, मेंढ्या!" बाई हसल्या. हसल्या म्हणून मला त्यांचा जास्त राग आला.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अडीच वर्षं डॉक्टरांनी यानकाची छाती नाजूक असल्याचं जे सर्टिफिकेट दिलं, ते यापुढे चालणार नाही. मूल घरी शिकवता येतं, पण नाव शाळेत हवं, अर्ज हवा, समितीची मंजुरी हवी आणि मुलीची परीक्षा हवी. नाहीतर दंड. आणि तरीही ऐकलं नाही तर मग पुढचं. पुढचं म्हणजे काय, असं मी विचारलं. त्या बुटांवरचा चिखल दगडावर घासत राहिल्या.

नाव तुमच्याच शाळेत आहे, आणि समितीत उपमुख्याध्यापक असतात म्हणे. म्हणजे तुम्ही. अर्ज सोबत जोडला आहे. माझ्या बाजूने बोला. दुसरं काही मागत नाही.

यानका नीट शिकते. सकाळी आठला आम्ही टेबलाशी बसतो. बाराला शेंगा सोलायला घेतो तेव्हा ती मला कविता म्हणून दाखवते. रडत नाही, कंटाळत नाही. तिला मी त्या बसमध्ये बसवणार नाही.

किरो स्पेनमधून दर रविवारी फोन करतो. म्हणतो, "दोन्काला विचार, ती म्हणेल तसं कर." तुमचा भाऊ लहानपणापासून असाच का हो?

तुमची,
वेस्का


रुदोग्राद, २९ सप्टेंबर २०१८

प्रिय वेस्का,

किरो असाच होता. गणित सोडवताना माझ्या वहीकडे बघायचा.

तुझा अर्ज मी दोनदा वाचला. खोटं बोलणार नाही, मला तो आवडला नाही. मी चौतीस वर्षं शिकवते आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात द्राफिना नावाची मुलगी होती. वडील म्हणायचे, "आम्ही घरीच शिकवतो तिला, मास्तरीणबाई." मी एकदा न सांगता गेले. ती तंबाखूच्या पानांच्या ढिगात बसून पानं दोऱ्यात ओवत होती. बोटं काळी आणि चिकट. मी पाटीवर तिचं नाव लिहायला सांगितलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला पोहायला सांगितलं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. तिला शाळेत आणायची सक्ती माझ्या हातात असती तर मी ती वापरली असती, आणि तिच्या बापाने मला शिव्या दिल्या असत्या तरी वापरली असती.

तू तो बाप नाहीस, हे मला माहीत आहे. पण कायदा लिहिणाऱ्याला वेस्का कोण आणि तो बाप कोण, हे कसं कळावं?

तुझं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. आमच्या मुख्याध्यापकांचा नातू प्लोव्दिवच्या खासगी शाळेत जातो. आठ मुलांचा वर्ग, घोड्यावर बसायला शिकवतात. त्याच्या दारात कुणी बाई बूट घासत उभी राहत नाही. हो, हे बरोबर नाही. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी आपापली मुलं आपापल्या शेगडीजवळ ठेवायची का? मग द्राफिनाच्या शेजारी कोण बसणार?

आणि वेस्का, तुझ्या गावची शाळा कुणी हौसेने बंद केली नाही. नऊ मुलं उरली होती. चार इयत्ता एका खोलीत, एक शिक्षिका, तीही निवृत्तीला आलेली.

अर्ज मी समितीपुढे ठेवला. जानेवारीच्या शेवटी परीक्षा. तोपर्यंत मुलगी घरी राहू शकते. एवढं मी मिळवलं.

यानकासाठी लोकरी मोजे पाठवते आहे. पायाचं माप अंदाजाने धरलंय. तिला पाहून सहा महिने झाले.

दोन्का


गोर्नो येलोवो, ११ नोव्हेंबर २०१८

प्रिय दोन्काताई,

मोजे मोठे झाले. ती म्हणते, "आत्याला वाटतं मी शाळेत गेल्यावर वाढेन."

उत्तराला उशीर झाला, कारण घेवडा काढायचा होता आणि मग मृतांचा शनिवार आला. गहू उकडले, साखर घातली, दफनभूमीवर सगळ्यांना वाटले. दरवेळी फाटकावर माझ्या ल्युबोच्या स्मरणाचा नवा कागद चिकटवते ना मी, फोटो आणि तारखा असलेला, तो या वेळीही चिकटवला. छापणारा म्हणाला, "बाई, फोटो बदलायचा का? सगळे बदलतात." दहा वर्षांच्या मुलाचा नवा फोटो मी कुठून आणू?

तुमच्या द्राफिनाबद्दल मी बरेच दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे. पण ताई, तिच्या बापाने पाप केलं म्हणून दार माझं ठोठावायचं, हे कसं? यानकाला जेवायला कोण घालतं, ताप आला तर कपाळावर ओला कपडा कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही. ते सगळं आईवर सोडलेलं आहे, परीक्षा न घेता. फक्त अक्षरं शिकवायची वेळ आली की सरकारला वाटतं, हे हिच्या हातात नको.

मी एवढंच म्हणते की तिन्ही दारं उघडी ठेवा. सरकारची शाळा असू दे, पैसेवाल्यांची असू दे, आणि माझं टेबलही असू दे. तपासायला या, पाहिजे तर दर महिन्याला या. मी कॉफी करीन. पण उघडपणे या, दंडाचा कागद घेऊन येऊ नका.

गावच्या शाळेबद्दल तुम्ही लिहिलंत की कुणी हौसेने बंद केली नाही. असेल. नऊ मुलं होती हे खरं. त्यातली दोन माझी. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी आमचा रस्ता फेब्रुवारीत एकदा तरी पाहिला होता का, एवढंच मला कधीतरी विचारायचं आहे.

यानका चौथीच्या पुस्तकात फार पुढे गेली आहे. तुम्हाला नवल वाटेल.

वेस्का

ता. क. चार किलो घेवडा पाठवला आहे, मोठ्या दाण्याचा. उकळताना पहिलं पाणी फेकून द्या. तुम्ही नेहमी विसरता.


रुदोग्राद, १ फेब्रुवारी २०१९

वेस्का,

काल तू कॉरिडॉरमध्ये थांबली नाहीस. मी बाहेर आले तर बाक रिकामा, फक्त तुझा एक हातमोजा. तो माझ्याकडे आहे.

आत काय झालं ते तुला मीच सांगायला हवं.

यानका सुंदर वाचते. आमच्या चौथीत असं वाचणारी दोन मुलं नाहीत. वाचन झाल्यावर समितीतले म्हातारे गणितवाले शिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "हिच्या आईला नोकरीवर घ्या." गुणाकार, अपूर्णांक, सगळं झटपट. माझी मान ताठ झाली होती. आमच्या घरातली मुलगी आहे ना ती.

मग मी नकाशा पुढे केला आणि विचारलं, "मारित्सा नदी कुठे जाऊन मिळते?"

"काळ्या समुद्राला."

"नीट बघ. बोट फिरव. ती दक्षिणेकडे वळते, ग्रीसच्या हद्दीवरून जाते आणि पांढऱ्या समुद्राला, म्हणजे एजियनला, मिळते."

तिने नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही. काळ्या समुद्राला मिळते."

"यानका, नकाशा तुझ्यासमोर आहे."

"नकाशा चुकला असेल." हट्टीपणाने नाही गं. कुणी तिच्याकडून काहीतरी हिसकावून घेतंय, अशी ती माझ्याकडे बघत होती.

अशा आणखी तीन चुका निघाल्या, ठाम पाठ केलेल्या. आणि मग एका ठिकाणी सगळंच थांबलं. दोन अंकी संख्येने भागाकार सुरू होतो, तिथून पुढे शून्य. व्याकरणात, निसर्गात, सगळीकडे साधारण तिथेच. मी विचारलं, "हे अजून केलं नाही का?" ती म्हणाली, "त्याच्यापुढे आमच्याकडे नसतं."

शेवटी समुपदेशक बाईंनी विचारलं, तुझी मैत्रीण कोण. "माझा भाऊ," ती म्हणाली.

वेस्का, मी विरोधात मत दिलं. रागानेच दिलं. इतकी हुशार मुलगी, आणि तू तिला चुकीचं शिकवलंस, मग अर्ध्यावर सोडून दिलंस. शिकवायचं नव्हतं तर माझ्याकडे तिन्ही दारं उघडी ठेवण्याची मागणी का केलीस? हेच ते, ज्यासाठी आमच्यासारखे लोक सक्ती मागतात. घरात काय चाललंय हे कुणाला दिसत नाही.

निकाल अजून लेखी झालेला नाही. तुला काही सांगायचं असेल तर आठवड्याच्या आत लिही.

दोन्का


गोर्नो येलोवो, ५ फेब्रुवारी २०१९

दोन्काताई,

सांगायचं आहे.

ती पुस्तकं ल्युबोची आहेत. वळणावर बस घसरली त्या सकाळी दप्तर त्याच्या पाठीवर होतं. पोलिसांनी मला ते नंतर आणून दिलं. वह्या थोड्या ओल्या झाल्या होत्या. मी त्या शेगडीवर दोरी बांधून एकेक पान करून वाळवल्या. तुम्ही तेव्हा इथेच होतात, पण तुम्हाला मी खोलीत येऊ दिलं नव्हतं.

यानका त्या दिवशी तापाने घरी होती, नाहीतर ती त्याच्याच शेजारी बसायची.

त्या उन्हाळ्यात मी तिला शिकवायला घेतलं तेव्हा दुसरी पुस्तकं नव्हती. खरं तर होती, तुम्हीच पाठवली होती नवी. मी ती कपाटावर ठेवून दिली. पहिलीपासूनची त्याची सगळी होती माझ्याकडे. त्याच्या पुस्तकातून शिकवलं की असं वाटायचं, दोघं टेबलाशी बसलीत. समासात त्याची चित्रं आहेत. एका ठिकाणी लिहिलंय, "भूक लागली." त्या पानावर यानका नेहमी म्हणते, "आई, ह्याला काहीतरी दे."

मारित्सा काळ्या समुद्राला मिळते, हे त्याने लिहिलंय. वहीत, शाईच्या पेनने, खाली दोन रेघा मारून. शिक्षिकेने ती वही अजून तपासली नव्हती. ताई, चूक आहे हे मला माहीत आहे. मी शाळा शिकलेली आहे. मी लाल पेन हातात घेतलं होतं. तीन दिवस ते टेबलावर पडून होतं. मी त्याचं एक अक्षर खोडू शकले नाही, आणि यानकाला म्हटलं, बरोबर आहे.

शेवटची तारीख त्याच्या अक्षरात आहे ती बुधवारची. त्यापुढे कोरी पानं. आम्ही नोव्हेंबरमध्ये तिथे पोहोचलो. तुम्हाला लिहिलं ना, फार पुढे गेली म्हणून. मग मी तिला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून उजळणी करू. तिने काही विचारलं नाही. ती मला काही विचारत नाही. एवढी मोठी मुलगी, तिला समजत नसेल का? ती माझ्यासाठी शिकत होती, ताई, आणि मला वाटत होतं की मी तिला शिकवते आहे.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. किरोलाही नाही. परीक्षेच्या दिवशी आतून तिचा आवाज ऐकू येत होता. ती "नकाशा चुकला असेल" म्हणाली, तेव्हा मी उठून बाहेर गेले.

तुमचं मत बरोबर आहे. ते बदलू नका. पण तिला जबरदस्तीने घेऊन जाऊ नका, एवढं बघा. मला थोडे दिवस द्या.

वेस्का


रुदोग्राद, २० फेब्रुवारी २०१९

माझी वेस्का,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं, मधल्या सुट्टीत. घंटा झाली, मुलं आत आली आणि मी त्यांना सांगितलं की खिडकीतून वारा येतोय, डोळ्यांत गेला. एक मुलगा उठून खिडकी लावायला गेला. ती बंदच होती.

मत मी बदललं आहे. तू नको सांगितलंस तरी. समितीला मी काय सांगितलं ते माझ्याजवळच राहू दे. तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. मंजुरीचा कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. वर्षअखेरपर्यंत यानका कायद्याने घरी शिकू शकते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. आता कुणी तुझ्या दारात येणार नाही. हा हक्क तुला हवा होता आणि तो तुला असायला हवा, असं मला आता वाटतं. द्राफिना आठवूनही वाटतं. दोन्ही कसं खरं असेल, हे मला चौतीस वर्षांनंतरही कळलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. ती मी तीन वर्षं लिहायची टाळली.

तुमच्या गावची शाळा बंद करणाऱ्या समितीत मी होते. पाच जणांत एक. मी सही केली. मी मनाशी म्हटलं होतं की ल्युबो आणि यानका माझ्या शाळेत येतील, माझ्या डोळ्यांसमोर राहतील, मोठ्या वर्गात बसतील, त्यांना प्रयोगशाळा मिळेल. मला मूल नाही. त्या सहीत माझा स्वार्थही होता. रस्ता मी पाहिला होता, वेस्का. मे महिन्यात पाहिला होता. दोन्ही बाजूंना फुलं होती.

अंत्यविधीला मी तुझ्या शेजारी उभी होते आणि तू माझा हात धरला होतास. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तो हात सोडवू शकले नाही.

मी काही मागत नाही. फक्त एक सुचवते, आणि नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही. माझ्या घरापासून शाळा चालत सात मिनिटांवर आहे. बस लागत नाही. सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडे राहू शकते.

दोन्का


गोर्नो येलोवो, १५ मार्च २०१९

दोन्काताई,

कागद मिळाला. तो मी पेटीत जपून ठेवला आहे. तो मिळाला नसता तर मी यानकाला कधीच पाठवलं नसतं, दारात पोलीस आले असते तरी. आता कुणी नेत नाही, म्हणून मला विचार करता आला.

सहीचं मला माहीत होतं. शाळा बंद झाल्याची नोटीस दारावर चिकटवली होती, खाली पाच नावं, हाताने लिहिलेली. तुमचं तिसरं. बसचा थांबा शाळेसमोरच होता. मुलांबरोबर उभी असताना मी ते रोज सकाळी वाचायची. ल्युबो म्हणायचा, "ही आपली आत्या ना? किती सुंदर अक्षर आहे."

तरी तुम्हाला पत्र का लिहिलं, हे मी स्वतःला विचारलं. दुसऱ्या कुणाशी बोलले तर ते म्हणतात, वेळ जाईल तसं बरं होईल. तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत. तुम्हालाही बरं होणार नाही, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही कबूल करता का, याची मी वाट बघत होते. दर पत्रात बघत होते. नोव्हेंबरात मी तुम्हाला डिवचलंसुद्धा. तुम्ही पुढच्या पत्रात नदीबद्दल लिहिलंत.

माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहिता आलं नाही. जे नाही ते लिहिणार नाही. मुलीला पुष्कळ चुकीचं शिकवून झालं.

परवा यानकाला विचारलं, "आत्याकडे राहून शाळेत जाशील?" मला वाटलं ती आनंदाने उडी मारेल किंवा रडेल. ती म्हणाली, "तू दुपारी काय करशील?" मी म्हटलं, "घेवडा निवडीन." "तो तर संपला." "मग झोपेन." त्यावर ती म्हणाली, "शुक्रवारी मी तुला शिकवीन. आठवडाभरात जे झालं ते." मग मोजे घालून बघितले. अजून मोठेच आहेत, पण आता तेवढे नाहीत.

ती काय खाते ते लिहिते. दूध गरम नको. सूपमध्ये पुदिना घातला तर बाजूला काढते, रागावू नका. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोलत नाही. आजारी नसते, तशीच आहे. वर्गात कुणी भावाबद्दल विचारलं तर तिला उत्तर द्यायला लावू नका आणि तिच्यासाठी तुम्हीही देऊ नका.

रविवारी आम्ही चालत येऊ. अकरा किलोमीटर आहे, सगळा उतार, चार तास लागतील. बर्फ वितळलंय. किरो फोनवर ओरडला की वेडी आहेस का, कुणाची तरी गाडी माग. मी म्हटलं, तो रस्ता मला तिच्याबरोबर एकदा पायांनी संपवायचा आहे, वळणासकट.

दुपारी दोनपर्यंत पोहोचू. मी तिला तुमच्या दारात सोडेन. आत येणार नाही. चहा ठेवू नका, आग्रह करू नका, खिडकीतून हातही करू नका. तिला आत घ्या आणि दार लावून घ्या. मी जिना उतरून जाईपर्यंत तिला काहीतरी विचारत राहा, म्हणजे ती मागे वळून बघणार नाही.

वेस्का